स्फोटाच्या बातमीत धर्म कितव्या ओळीत?

जुना_डेस्कवाला (धागाकर्ता)

मंडळी, २०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. ३१ तारखेला राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) विशेष कोर्टाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. आमच्या कॉलनीच्या गटात पहिल्या निकालाला जे "कोर्टं विकली गेली" म्हणत होते तेच दुसऱ्या निकालाला पेढ्यांचे फोटो टाकत होते. जुन्या मित्रांच्या गटात बरोबर उलटं. एका बाबतीत मात्र दोन्ही गट सारखे: निकालात काय म्हटलंय हे कुणालाच बघायचं नव्हतं.

थोडक्यात सांगतो. लोकल प्रकरणात आरोपींना ओळखणारे टॅक्सीवाले स्फोटानंतर शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, असं कोर्ट म्हणालं. बॉम्ब नेमका कसला होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. मालेगावात बॉम्ब त्या मोटारसायकलवरच ठेवला होता हे सिद्ध झालं नाही, गाडीचा चासी नंबर धड निघाला नाही, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालची मंजुरी सदोष ठरली.

आता आठवा, २००६ ला किंवा २००८ ला यातला एक तरी प्रश्न तुम्ही पेपरात वाचला होता का? फौजदार चावडी ठाण्याच्या हद्दीत साधी दुचाकी चोरीला गेली तरी आमचा क्राईमचा बातमीदार चासी नंबर विचारून यायचा. १८९ माणसं मेली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. कारण पकडलेल्यांची नावं आली, नावावरून धर्म कळला, आणि चौकशी संपली. कुणी केलं हे शोधायच्या ऐवजी कुठल्या लोकांनी केलं एवढ्यावरच सगळ्यांचं समाधान झालं. धर्म मथळ्यात घातल्याने एका समाजाची बदनामी होते, हे सगळेच म्हणतात आणि ते खरंही आहे. मला जास्त डाचतं ते हे की त्यामुळे बातमीदार आळशी होतो, पोलिसांनाही कुणी हटकत नाही, आणि सतरा-एकोणीस वर्षांनी मेलेल्यांच्या नातेवाइकांच्या हातात काहीच उरत नाही.

डेस्कवर हे कसं घडतं ते बाहेरच्याला कळत नाही, म्हणून लिहितो. रात्री साडेदहाला डाक आवृत्तीची पानं सोडायची घाई असते. बार्शी, पंढरपूर, उस्मानाबादच्या गाड्या खाली उभ्या असतात. तेवढ्यात एजन्सीचा फ्लॅश पडतो. मृतांचा आकडा अर्ध्या तासात तीनदा बदलतो. आणि कुठून तरी ती एक ओळ येतेच: "अमुक संघटनेचा हात असल्याचा संशय व्यक्त होत आहे." कोण व्यक्त करतंय? त्या वाक्याला मायबाप नसतो. पान लावणारा विचारतो, "सर, हेडिंगमध्ये घेऊ? पान उठेल." वरिष्ठ त्या वेळी फोनवर असतात. ती ओळ आठ कॉलमांत जाते.

उलट उदाहरण बघा. ८ सप्टेंबर २००६, मालेगाव, शब-ए-बारातचा शुक्रवार. स्फोट मशिदीजवळ आणि कब्रस्तानात, मेले ते मुसलमान. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) पकडले ते नऊ जणही मुसलमान. २०११ च्या नोव्हेंबरात त्यांना जामीन मिळाला, २५ एप्रिल २०१६ ला कोर्टाने आरोपमुक्त केलं. अटकेची बातमी पहिल्या पानावर फोटोंसकट होती. आरोपमुक्तीची आमच्याकडे आतल्या पानावर सिंगल कॉलम गेली, तीही खालून दोन परिच्छेद कापून, कारण शेजारी साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेची नोटीस होती.

माझं मत असं: कृत्य करणाऱ्याने स्वतः धर्माचं कारण दिलं, माणसं धर्म बघून मारली, किंवा आरोपपत्रात तो हेतू म्हणून आला, तर धर्म जरूर लिहावा, आणि कोण म्हणतंय तेही त्याच वाक्यात लिहावं. एरवी नुसत्या नावावरून विशेषण चिकटवू नये. हा नियम सगळ्यांना एकच. बोला.

अक्कलकोट_नाका

काका, मुद्दा पटतोय पण अर्धाच. पहलगामला काय करायचं? २२ एप्रिल २०२५, २६ माणसं. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. बायकापोरांसमोर धर्म विचारून गोळ्या घातल्या. त्या बायकांनी स्वतः सांगितलं. तिथंही "अज्ञात इसमांनी गोळीबार केला" एवढंच छापायचं का? या "दहशतवादाला धर्म नसतो" वाल्यांचा राग येतो तो यासाठीच. घरात प्रेत पडलंय आणि हे मला शब्द कुठले वापरायचे ते शिकवणार.

जुना_डेस्कवाला

नाका, पहलगामला लिहायचंच, आणि पहिल्याच परिच्छेदात. तिथं धर्म हा गुन्ह्याचाच भाग आहे. कुणाला मारायचं हे त्यावरून ठरलं, आणि हे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलंय. लपवलंत तर बातमी खोटी ठरेल. पण मग त्याच बातमीत तो घोडेवालाही आला पाहिजे. सव्वीसमधला एकटा स्थानिक, मुसलमान, पर्यटकांना वाचवायला गेला आणि मेला. काही ठिकाणी तो दुसऱ्या दिवशी आला, काही ठिकाणी आलाच नाही. त्याला वगळणाऱ्याने माझ्या हिशेबी अर्धीच बातमी दिली.

बाळीवेस

अवांतर वाटेल, पण आपल्याच गावचं आहे. जानेवारी २०१३, काँग्रेसचं जयपूरचं शिबिर. देशाचे गृहमंत्री आणि आपले खासदार सुशीलकुमार शिंदे म्हणाले की भाजप आणि संघाच्या शिबिरांतून हिंदू दहशतवादाचं प्रशिक्षण दिलं जातंय. महिन्याभराने खेद व्यक्त केला. त्याआधी २०१० मध्ये चिदंबरम यांनी "भगवा दहशतवाद" म्हणून झालेलं होतं. शिंदेसाहेबांबद्दल सोलापूरकर म्हणून मला आदर आहे. कोर्टात साध्या नोकरीपासून सुरुवात, मग पोलिसात फौजदार, मग मुख्यमंत्री, असा प्रवास केलेला माणूस. पण ज्याने आयुष्याची सुरुवातच कोर्ट आणि ठाण्यात केली त्याने खटला चालू असताना अख्ख्या धर्माचं नाव घ्यावं? आणि तेव्हा जे संपादक टाळ्या पिटत होते तेच "इस्लामी दहशतवाद" म्हटलं की नाक मुरडत होते. धागाकर्त्याचा नियम सगळ्यांना एकच असेल तर माझे +१. फक्त एकाच बाजूला लागणार असेल तर पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

जुना_डेस्कवाला

बाळीवेस, एकच. मात्र उलट बाजूही ऐका. अजमेर दर्ग्याच्या स्फोटात (ऑक्टोबर २००७) दोघांना २०१७ मध्ये जन्मठेप झाली. "हिंदूंना फसवलं गेलं, सगळंच बनावट होतं" असं सरसकट लिहिणारे हा निकाल सोयीने विसरतात. हैदराबादची मक्का मशीद आणि समझौता एक्स्प्रेस या दोन स्फोटखटल्यांत सुटका झाली, अजमेरमध्ये शिक्षा झाली. प्रत्येक खटला वेगळा, पुरावा वेगळा. हे तिन्ही एका पिशवीत भरून "भगवा दहशतवाद" लिहिणारा जितका चुकतो तितकाच "भगवा दहशतवादाचं कुभांड" लिहिणारा.

आणि जयपूरच्या त्या भाषणावर चॅनेलांनी आठवडेच्या आठवडे चर्चा रंगवल्या. त्या काळात मालेगावच्या तपासाचं पुढं काय झालं, यावर किती मिनिटं दिली असतील? मी हेच म्हणतोय.

फलाट_क्र_३

काका, मोठ्या मोठ्या स्फोटाचं सोडा, बिनास्फोटाचं सांगतो. एसटी स्टँडजवळ माझी चहाची टपरी हाय. उन्हाळ्यातली गोष्ट. विजापूर गाडी लागती तिथं बाकड्याखाली एक काळी बॅग पडून होती. अर्धा तास कुणी हात लावंना. कुणीतरी कंट्रोलरला सांगितलं, त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांच्या आधी कोण आलं म्हणता? माईक घेतलेलं पोरगं. असले यूट्यूब चॅनेलवाले आता गल्लीगल्लीत झालेत. आलं आणि सुरूच झालं बे, लाईव्ह: "सोलापूर एसटी स्थानकात संशयास्पद बॅग, बुरखाधारी महिला ठेवून गेल्याची चर्चा!"

मी म्हटलं, बाबा, चर्चा कोण करूलालंय? तर म्हणतो त्या अननसवाल्याने सांगितलं. अननसवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, मी एवढंच बोललो की तिथं मघाशी एक बाई बसली होती. आता विजापूर-गुलबर्ग्याच्या गाड्यांना निम्म्या बाया बुरख्यातच असतात की. बसणार नाहीत तर कुठं जातील?

मग बॉम्ब शोधक पथक आलं, कुत्रं आलं, सगळ्यांना गेटबाहेर काढलं. माझं दूध उतू गेलं ते वेगळंच. बॅग उघडली तर आत टर्किश टॉवेल, चादरीचे नमुने आणि बिलबुक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याचा सेल्समन. गडी समोर इडली खाऊन आला आन् गर्दी बघून विचारतोय, "काय झालंय ओ? माझी बॅग होती इथं."

आता खरी गंमत. टॉवेलचा व्हिडिओ त्या पोराने टाकलाच नाही. पहिला व्हिडिओ अजून हाय, मथळा तोच हाय. खालच्या कमेंटा वाचा, जेवण जाणार नाही.

शेंगाचटणी

टॉवेलमध्ये दहशतवाद 😂 सोलापूरचं ब्रँडिंग झालं म्हणायचं. पण खरंच, त्या पोराला कुणी जाब विचारला का?

फलाट_क्र_३

विचारला की. म्हणतो "चर्चा" म्हटलंय, बातमी नाही म्हटलं. वकिलाच्या वर गेलं ते.

अॅड_सिद्धेश्वरपेठ

वकिलाच्या वर कुणी जात नाही, दादा 😊 आता कामाचं बोलते.

कायद्यात दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे: यूएपीएचं कलम १५, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११३. दोन्ही वाचून बघा. कृत्य काय, साधन काय, उद्देश काय, एवढंच आहे. आरोपीचा धर्म कुठंच नाही. कोर्टात मी आरोपीचा धर्म हा पुरावा म्हणून मांडू शकत नाही. मग पेपराने तो पुरावा असल्यासारखा का मांडावा?

दुसरं, पोलिसांच्या पत्रकार परिषदा. आरोपीला काळ्या बुरख्यात कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, मागं पदकं लावलेले अधिकारी, पुढं टेबलावर जप्त माल. तपासाचा दुसराच दिवस असतो आणि "कट उधळला" असं जाहीर होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगायचं याची नियमावली करा, कारण अर्धवट माहितीतून माध्यमांचा खटला उभा राहतो आणि एखाद्या समाजाबद्दल संशयही निर्माण होतो. नेमकी या धाग्यातलीच गोष्ट.

तिसरं, तक्रार. छापील पेपरसाठी प्रेस कौन्सिल आहे, पण ती फक्त ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. चॅनेलांसाठी त्यांचीच स्वनियंत्रण संस्था, एनबीडीएसए. तिथं आधी चॅनेललाच लिहावं लागतं, तेही प्रसारणापासून सात दिवसांत. उत्तर पटलं नाही तर पुढं. दंडाची मर्यादा एक लाख रुपये असल्यावर २०२३ मध्ये सरन्यायाधीशांनीच विचारलं होतं की एवढ्याने काय होणार. बरोबरच आहे, प्राइम टाइमला जाहिरातीच्या काही सेकंदांत तेवढे सुटतात. आणि जे चॅनेल या संस्थेचं सभासदच नाही, त्याला तेही लागू नाही. माईकवाल्या पोराला तर यातलं काहीच लागू नाही. त्याच्यासाठी थेट पोलीस ठाणं. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर असेल तर न्याय संहितेचं कलम १९६ आहे. लावतं कोण, हा वेगळा प्रश्न.

नई_जिंदगी

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो.

आमच्या घरात स्फोटाची बातमी आली की अब्बा टीव्हीसमोरून हलत नाहीत. किती मेले ते बघतात, आणि मग नाव काय निघतंय याची वाट बघतात. नाव आपल्यातलं नाही असं कळलं की अम्मी चहा टाकते. आपल्यातलं निघालं तर बहिणीला फोन जातो, "आज क्लास कू मत जा." याच्यात कुणाला आनंद होत नसतो, ही सवय झालीय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी काही बोलत नाही, बोलणं मध्येच थांबतं तेवढंच. आणि संध्याकाळी कुठल्या तरी चॅनेलचा माणूस मोहल्ल्यात येऊन निषेधाची प्रतिक्रिया मागतो. द्यायलाच पाहिजे, नाही दिली तर तीच बातमी. अजमेरच्या निकालानंतर बाळीवेसमधल्या कुणाकडं निषेध मागायला गेले होते का? (बाळीवेसभाऊ, तुमच्यावर राग नाही, पत्ता सोयीचा होता.)

नुसत्या शब्दांबद्दल बोलू नका, फोटोंचंही बघा. २००८ मध्ये बाटला हाऊसच्या चकमकीनंतर दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या पोरांना कॅमेऱ्यासमोर आणलं तेव्हा तोंड झाकायला नेहमीचा काळा कपडा नव्हता, अरबी पद्धतीचे लाल चौकड्यांचे रुमाल होते. त्यावर तेव्हा ओरडाही झाला. बातमीत धर्माचा एक शब्द लिहू नका, तो रुमाल पुरेसा आहे. आजही कुठल्याही स्फोटाच्या बातमीला टोपी-दाढीची सावली लावतात. ग्राफिक्सवाल्याकडं ती तयारच असते.

आणि एक. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. त्यातले कुर्बान हुसेन पत्रकार होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. इंग्रजांच्या कागदावर हे चौघे मंगळवार पेठ चौकीच्या पोलिसांचे खुनी. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन. निदान त्या आरोपपत्रात तरी धर्मावरून वाटणी नव्हती.

बाळीवेस

राग कसला. पत्ता बरोबर आहे, आणि नाही, कुणी आलं नव्हतं. पण मी काही त्या दोघांचा प्रवक्ता नाही, तसे तुम्हीही कुणाचे नाही. हे मान्य.

लेस्टरचा_सोलापूरकर

इथलं, म्हणजे ब्रिटनचं सांगतो, कारण इथं वेगळाच पेच झाला. २९ जुलै २०२४, साउथपोर्ट. लहान मुलींच्या नृत्यवर्गात घुसून एकाने चाकूहल्ला केला, तीन मुली गेल्या. हल्लेखोर १७ वर्षांचा, म्हणून कायद्याने पोलिसांना नाव सांगता येईना. ती पोकळी इंटरनेटने भरली: एक खोटं मुसलमानी नाव, "बोटीतून आलेला शरणार्थी". दुसऱ्या संध्याकाळी लोक मशिदीवर चालून गेले. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव उघड करायला परवानगी दिली. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईबाप रवांडाचे. तोवर दंगली दुसऱ्या शहरांतही पोचल्या होत्या. आमच्या दुकानाचं शटर त्या आठवड्यात दुपारीच खाली यायचं.

म्हणजे काका, "धर्म लिहू नका" म्हणून गप्प बसलं तरी काम होत नाही. गप्प बसलात की दुसरा कुणी लिहितो. मे २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या विजयी मिरवणुकीत गाडी घुसली तेव्हा पोलिसांनी लगेच जाहीर केलं: ५३ वर्षांचा गोरा ब्रिटिश माणूस. अफवा जागच्या जागी मेली. पण आता प्रश्न असा की पुढच्या वेळी पोलीस काही बोलले नाहीत तर लोक काय समजणार? न सांगणं हेच सांगणं होऊन बसेल.

आणि मोठ्या परदेशी पेपरांना फार शहाणं समजू नका. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ब्रेविकने ७७ माणसं मारली. ब्रिटनच्या द सनने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अल कायदाचं नाव छापलं होतं. मारणारा निघाला गोरा, मुसलमानांच्या द्वेषाने पेटलेला.

रेल्वे_कॉलनी

आमच्या खात्यातलं. २ जून २०२३, बालासोरचा रेल्वे अपघात. गाड्यांचे डबे अजून रुळांवर होते आणि ड्रोनच्या फोटोतली पांढरी इमारत दाखवून मेसेज फिरायला लागला: बघा, रुळाशेजारी मशीद, शुक्रवार होता. ती इमारत इस्कॉनचं मंदिर होती. ओडिशा पोलिसांना धार्मिक रंग देऊ नका म्हणून इशारा द्यावा लागला. सिग्नलच्या वायरिंगचा घोळ होता तो. सिग्नलवाल्यांना विचारायचं सोडून कळस की मिनार ते बघत बसले.

पाच्छापेठ

मला एका गोष्टीवर सगळ्यांचं मत हवंय. १२ मार्च १९९३, मुंबई. स्फोट झाले ते बहुतेक हिंदूबहुल भागांत. मुख्यमंत्री शरद पवार दूरदर्शनवर गेले आणि एक जास्तीचा स्फोट मशीद बंदरलाही झाल्याचं सांगून टाकलं. झालेलाच नव्हता तो. वर तमिळ वाघांकडेही बोट दाखवलं. पुढे त्यांनी स्वतः जाहीरपणे कबूल केलं की दंगल उसळू नये म्हणून मुद्दाम सांगितलं. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली ताज्या होत्या. मुंबई त्या रात्री पेटली नाही. मग हे बरोबर की चूक? अचूकतेच्या नियमात नापास, पण माणसं वाचली असतील तर?

अक्कलकोट_नाका

साफ चूक. आज शांततेसाठी खोटं, उद्या निवडणुकीसाठी. आणि यामुळेच लोक खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाहीत. "काहीतरी लपवतायत" हा संशय तिथूनच सुरू झाला.

नई_जिंदगी

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण मामा भेंडीबाजारात होते. ते पवारांना आजही दुवा देतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

जुना_डेस्कवाला

राज्यकर्त्याने ते सांगितलं, त्याचं पाप-पुण्य त्याच्याकडं. त्याच्यापुढं त्या रात्री काय होतं ते त्यालाच माहीत. पण डेस्कवरच्या माणसाला ती मुभा नाही. मुख्यमंत्री बोलले तर "मुख्यमंत्र्यांनी सांगितले" असं छापायचं आणि मशीद बंदरला माणूस पाठवायचा. खरं तर त्या रात्रीसाठी खोटं बोलायची गरजच नव्हती असं मला वाटतं. "तपास चालू आहे, कुणी काही ठरवू नका" एवढं ठासून सांगितलं असतं तर? पाच्छापेठ म्हणतील, ते ऐकलं कुणी असतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

नवखा_बातमीदार

सर, मी इथंच शहरात क्राईम करतो, नाव नको. तुमच्या काळात रात्रीची एक डेडलाईन होती, आता दर पाच मिनिटांनी आहे. आम्हा क्राईमवाल्यांचा व्हॉट्सअॅप गट आहे. एकाने "सूत्र" म्हणून काही टाकलं की बाकीचे पंधरा जण तेच उचलतात, आणि मग ते पंधरा सूत्रांकडून आलेलं वाटतं. ठाण्यात फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये. ऑफिसातून मेसेज: "सगळीकडे लागलं, आपलं कुठंय?"

त्यातून काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वाईट उदाहरण पूंछचं. ७ मे २०२५, पाकिस्तानचा तोफमारा. मदरशातले एक शिक्षक त्यात मारले गेले. दाढी, टोपी, मौलवी. आपल्या काही राष्ट्रीय चॅनेलांनी त्यांचा फोटो लावून मोठा दहशतवादी ठार केल्याची बातमी चालवली. आपलाच नागरिक, शत्रूच्या तोफगोळ्याने गेलेला. पूंछ पोलिसांना लेखी खुलासा काढावा लागला की या माणसाचा कुठल्याही दहशतवादी संघटनेशी संबंध नव्हता. नंतर तिथल्या कोर्टाने चॅनेलांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. तिथं पुरावा काय होता? फोटो. बस.

मला प्रामाणिक शंका आहे. तुम्ही म्हणता विशेषण लावू नका. पण नाव तर छापावंच लागतं ना? आणि नावातच सगळं आलं.

जुना_डेस्कवाला

नाव छापायचं, एफआयआरमध्ये आहे तसं. नाव ही माहिती आहे, तपासता येते, उद्या सुटका झाली तर त्याच नावाने ती बातमीही छापता येते. "जिहादी मॉड्यूल" किंवा "भगवं नेटवर्क" असं छापलं तर उद्या सुटका कुणाची छापणार? मॉड्यूलची सुटका होत नसते. नाव अल्पवयीनाचं असेल तर छापायचंच नाही. आणि अटकेच्या बातमीचं पान आणि कॉलम वहीत लिहून ठेव, निकाल आला की तेवढीच जागा माग. मिळणार नाही, पण मागितलेलं सगळ्यांना दिसू दे.

अॅड_सिद्धेश्वरपेठ

आणि अटकेनंतर "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" हे प्रत्येक आरोपाच्या वाक्यात हवं, पहिल्या वाक्यात एकदा लिहून मोकळं व्हायचं नाही. आम्ही उलटतपासणीत तेवढ्यावर अर्धा तास काढतो.

शेंगाचटणी

काका, मग ३१ जुलैच्या मालेगाव निकालाचा मथळा तुम्ही काय दिला असता? धर्म न आणता, कुणाची बाजू न घेता. परीक्षा 😊

जुना_डेस्कवाला

"मालेगाव: सहा मृत्यू, १७ वर्षे, दोषी कोणीच नाही". खाली उपमथळा: "सातही आरोपींची सुटका, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख, जखमींना ५० हजार देण्याचा आदेश". भरपाईचा भाग बऱ्याच जणांनी शेवटच्या परिच्छेदात टाकला होता. लोकलचाही तसाच झाला असता, फक्त १८९ आणि १९ वर्षे.

बाळीवेस

हा मथळा माझ्या गटात टाकला तर दोन्हीकडून शिव्या येतील.

नवखा_बातमीदार

सर, शिव्यांचं जाऊ द्या, तीन कॉलममध्ये बसणार नाही हे.

जुना_डेस्कवाला

बसतं. पॉइंट कमी कर आणि "मालेगाव" वर छोट्या टाइपात घे. नाही बसलं तर शेजारची जाहिरात हलवायला सांग.

नवखा_बातमीदार

जाहिरात हलवायला तुम्ही या सर 🙏